जॉनबाचे कॅप्टन

मी आज जो काही आहे तो परळच्या कॅप्टनकाकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात ते बऱ्याच ठिकाणी हास्यास्पद दिसतील आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

कॅप्टन ही पदवी त्यांना चाळीने दिली होती. सैन्यात ते कधीच नव्हते. तरुणपणी भरतीला गेले तेव्हा छाती दीड इंच कमी भरली. "मापवाल्याने मी श्वास सोडताना टेप लावली," असं ते सांगत. तेव्हापासून त्यांनी श्वास पूर्ण सोडलाच नाही, असं चाळीतले लोक म्हणत. चालताना छाती कायम पुढे, मान ताठ. दूध आणायला निघाले तरी कुणीतरी मागून हुकूम देतंय असं वाटे.

भरती हुकली म्हणून ते गिरणीत लागले, मार्किंग खात्यात. कापडाच्या गाठींवर गिरणीचं नाव, नंबर, माल कुठल्या देशाला जायचा ते, हे सगळं ब्रशने काढायचं काम. इंग्रजी अक्षरं त्यांच्या हातची इतकी देखणी होती की परदेशी व्यापारी विचारत, हा लिहिणारा कोण. गंमत अशी की काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. एकेक अक्षर त्यांच्यासाठी चित्र होतं. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मंडळांचे फलक रंगवले. मग छापील फ्लेक्स आले आणि तेही संपलं. पण सवय गेली नाही. खिशात कायम एक बारीक ब्रश असे. रस्त्याने जाताना एखाद्या पाटीची ओळ कललेली दिसली की ते तिथेच थांबत. लालबागच्या एका भांड्यांच्या दुकानदाराने एका दुपारी त्यांना आपल्याच शिडीवर चढलेलं पाहिलं आणि विचारलं, "काय करताय?"

"तुमचं दुकान उजवीकडे पडतंय. सावरतोय."

लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणत, "वेळच नाही मिळाला."

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरात बी. ए. झालेला मी पहिला. एम. ए.साठी मुंबईत आलो तेव्हा गावच्या एका नातेवाइकाने काकांचा पत्ता दिला होता. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, त्यात एक खाट काकांची आणि एक रिकामी. काकांनी माझी गुणपत्रिका पाहिली नाही. कॅलेंडरचं मागचं पान पुढे केलं आणि म्हणाले, "इथे परळ लिही."

मी लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांसमोर आडवा धरून शिरोरेषा तपासली.

"सरळ आहे. राहा."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ग्रॅज्युएट" म्हणत. चाळीत कुणाचंही औषधाचं पाकीट, विजेचं बिल, शाळेचा फॉर्म आला की गॅलरीत उभे राहून ओरडत, "आमच्या ग्रॅज्युएटकडे द्या." मला तेव्हा विद्यापीठात इंग्रजीतून चाललेलं व्याख्यान निम्मंही कळत नसे. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या वहीतलं उतरवून घ्यायचो. चाळीत मात्र मी साहेब होतो.

मी यायच्या आधीच काकांना जॉन सापडला होता.

शिवडीच्या टेकाडाखाली, कॉटन ग्रीनच्या बाजूला, जुन्या गोदामांच्या मागे एक भेंडीचं झाड आहे; भाजीची भेंडी नव्हे, समुद्रकाठी वाढतो तो भेंडीचा वृक्ष. तिथे पूर्वी खलाशांना पुरायची जागा होती असं म्हणतात. बाकीचं सगळं गोदामांच्या पायाखाली गेलं, एक दगड तेवढा राहिला. काका एका गोदामाची पाटी रंगवायला गेले होते. जेवायला झाडाखाली बसले आणि पाठीला अक्षरं टोचली. वळून पाहिलं तर इंग्रजी अक्षरं, हाताने कोरलेली. वाचता आली नाहीत, पण कोरणाऱ्याचा हात त्यांनी ओळखला. "ओळ अशी सरळ, की त्यावर गोटी ठेवली तर गडगडणार नाही," असं ते सांगत.

गोदामातल्या एका कारकुनाने त्यांना वाचून दाखवलं. नाव जॉन, आडनावाच्या जागी दगडाचा टवका उडालेला. तोफ चालवणारा शिपाई. अमेरिका आणि इंग्लंडच्या जुन्या लढाईत तिकडच्या मोठ्या तळ्यांवर लढला. त्या काळी अमेरिकेहून मुंबईला जहाजाने बर्फ येई; तसल्या एका अमेरिकन जहाजातून पुढे या बंदरात आला आणि तापाने वारला. महिना फेब्रुवारी, तारीख झिजलेली. त्याखालचा भाग जमिनीत गेलेला. जहाज अमेरिकन, म्हणून जॉनही अमेरिकन, असं काकांनी धरलं.

"लढाईतून वाचला आणि तापाने गेला," काका म्हणाले. "जे लढाईत पडतात त्यांचे पुतळे होतात. वाचून आलेल्याचं कोण करतं?"

मग त्यांनीच करायचं ठरवलं. दगड धुतला, शेवाळ काढलं, गवत उपटलं. आणि तिथे त्यांच्याकडून एक चूक झाली. खारी हवा दगड खाते, हे त्यांना दिसत होतं. बंदरावर लोखंड खाऱ्या हवेत कशाने टिकतं? रेड ऑक्साईडच्या लाल रंगाने. काकांनी डबा आणला आणि जॉनला वरपासून खालपर्यंत दोन हात दिले. विचार असा, की रंग वाळला की अक्षरं पांढऱ्याने भरायची. वाळायला ठेवून ते घरी आले. दिवस मंगळवारचा होता.

दुसऱ्या दिवशी पांढरा रंग घेऊन गेले तर दगडापुढे दोन नारळ, जास्वंदीचं फूल आणि अगरबत्ती.

झाडाखाली लाल दगड दिसल्यावर लोकांनी आणखी काय करायचं? त्या आठवड्यात गोदामातल्या हमालांनी फुलं वाहिली, ट्रक ड्रायव्हरांनी गाडी थांबवून हात जोडले. काकांनी पांढऱ्या अक्षरांत नाव रंगवलं तेव्हा तर कामच झालं. इतके दिवस देवाला नाव नव्हतं, आता मिळालं. महिन्याभरात जॉनचा जॉनबा झाला. शिवडीच्या कोळीवाड्यातून बायका येऊ लागल्या. कुणीतरी टाइल्स आणून कट्टा बांधला, कुणी पत्रा टाकला, कुणी घंटा लावली.

काकांनी एक पाटी रंगवून शेजारी रोवली. हा देव नाही, शिपाई आहे. लोकांनी पाटीलाही कुंकू लावलं.

मी आलो तेव्हा हा सगळा प्रकार ऐन भरात होता आणि काकांना त्याचा खरोखर त्रास होत होता. "देवाला सगळी मुंबई आहे रे," ते मला म्हणाले. "शिपायाला एक मी होतो, तोही रंग मारून बसलो."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. जॉनच्या दगडाशेजारी, अधिकाराच्या माणसाने दिलेली, तो शिपाई होता असं सांगणारी एखादी खूण. चाळीने दिलेल्या कॅप्टनपदाची किंमत ते जाणून होते. जॉनचं शिपाईपण तसलं नको होतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकावर मी शोधलं. अमेरिकेत अशी एक मंडळी निघाली जी जुन्या लढायांतल्या शिपायांच्या कबरी हुडकते, दुरुस्त करते, त्यांवर पितळेची गोल खूण बसवते आणि वर्षातून एकदा त्या काळचे कपडे घालून लढाईही करून दाखवते. हे वाचून दाखवलं तेव्हा काका उभे राहिले.

"म्हणजे माझ्यासारखे लोक तिकडे पण आहेत," ते म्हणाले. "लिही."

"काय लिहू?"

"साहेब, तुमचा माणूस आमच्याकडे आहे. सुखरूप आहे."

"काका, तो मेलाय."

"जागेवर आहे ना? मग सुखरूप."

ते पत्र मी सात वेळा लिहिलं. काका म्हणाले ईमेलवर अक्षर दिसत नाही, तेव्हा कागदावरच. मजकूर ते मराठीत सांगत, मी शब्दकोश घेऊन इंग्रजी करी, मग ते मला मोठ्याने वाचायला लावत, गॅलरीत उभं राहून. समोरच्या चाळीतले लोक कपडे वाळत घालता घालता ऐकत. काकांना अर्थ कळत नव्हता, पण मी अडखळलो की त्यांना बरोबर कळायचं. "इथे तुझा पाय मुरगळला. परत." मला एखादा शब्द खरोखर येत नसेल आणि मी जवळपासचा वापरला असेल, तर ती जागा ते नुसत्या आवाजावरून पकडत. तीन वर्षं आमची पत्रं जात-येत राहिली. माझं इंग्रजी त्यांनी केलं, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

मंडळी सभ्य होती. उत्तरं येत. फोटो पाठवा, दगडाची मापं पाठवा, अक्षरांचा ठसा पाठवा. ते लोक लढाया करून दाखवतात हे कळल्यापासून काकांनी इकडेही लढाई सुरू केली होती. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, चाळीच्या पटांगणात. पहिल्या वर्षी अडचण तळ्याची आली.

"तळ्यात जहाजं कशी मावतात?" काकांनी विचारलं. "आमच्या गावच्या तळ्यात एक म्हैस बसली की दुसरी बाहेर उभी असते."

मी नकाशा दाखवला. अख्खं कोकण बुडेल एवढं तळं पाहून त्यांनी त्यावर वीत ठेवून मोजलं.

जहाजं म्हणजे भाजी बाजारातल्या दोन हातगाड्या. तोफा लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यातून कागदाच्या लगद्याच्या करून आणल्या, आवाजाला सुतळी बॉम्ब. गणवेश दोन बँडपार्ट्यांकडून: एकांचा निळा, एकांचा लाल. निळे अमेरिकन, लाल इंग्रज. लाल व्हायला कुणी तयार नसे. शेवटी काका चिठ्ठ्या टाकत. जॉन मी, कारण काकांच्या मते शिपाई सडपातळ असतो. निळा कोट घालून गाडीवर उभं राहायचं, बत्ती द्यायची, आणि शेवटी इंग्रजांनी झेंडा उतरवला की छाती फुगवायची. एका वर्षी गाडीचं चाक निखळलं आणि अमेरिकेचं आरमार गटारात गेलं. काका घड्याळ बघून म्हणाले, "पाच मिनिटांचा तह."

मी मुंबईत आलो त्याच्या चौथ्या वर्षी पत्र आलं. मंडळीतले एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी भारत बघायला येणार आहेत. मुंबईत एक दिवस थांबून दगड स्वतः पाहतील. सगळं ठीक असेल तर खूण देण्याची शिफारस करतील. लढाई असेल तर तीही पाहायला आवडेल.

काकांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "ते येणार आणि काय बघणार? शेंदूर, घंटा आणि नारळ."

रंग काढायचा, कट्टा फोडायचा, असं ठरलं. पण आमच्या चाळीत मासे घेऊन येणाऱ्या शिवडीच्या एक मावशी होत्या. जॉनबाच्या भक्तांत त्या पहिल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"कॅप्टन, तू देवाचा अंग खरवडनार असं ऐकलं."

"देव नाही तो, बाय. शिपाई."

"माझा पोर दोन दिस दर्यात होता. इंजन बंद, पानी संपला. मी याच्यापुढं पदर पसरला. कोनी आनला त्याला परत? तुझ्या शिपायानं?"

"वाऱ्याने आणला."

"नि वारा कोनाच्या हातात?"

काकांनी बाजू बदलली. ते म्हणाले, "रंग माझा आहे. डबा मी आणला होता. माझा रंग मी काढणार."

"काढ. पन त्याला इचार. कौल लाव. हो बोलला तर आमी बायका येऊन घासू. नाय बोलला तर तुझ्या गोऱ्या पाव्हन्यांना असाच दाखव."

आता काका कोकणातले, मालवणकडचे. कौल म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको होतं. दगडाच्या दोन बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पाकळी आधी पडली तर होकार. पण जो देव नाही हे सांगण्यात इतकी वर्षं घालवली, त्यालाच तू देव नाहीस ना असं विचारायचं, हे त्यांना पचेना. दोन दिवस त्यांनी खिशातला ब्रश बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी धोतर नेसून निघाले.

"शिपायाकडे रजेचा अर्ज द्यायला चाललोय," मला म्हणाले. "कौल नाही हा."

भेंडीखाली वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. काकांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले, आणि तीस वर्षं मुंबईत दबलेली त्यांची मालवणी एकदम वर आली.

"बा जॉन शिपाया म्हाराजा. तू खंयचो, आमी खंयचे. आज ही लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. तुझ्या मुलखातले पाव्हणे तुका बघूक येतत. तुझ्या अंगावरचो रंग मीच घातलंय, माझी चूक झाली. तो काढूक तुझी परवानगी दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण त्यांचे स्वतःचे हात जोडलेलेच होते.

पाकळ्या हलेनात. पाव तास गेला. ऊन चढलं. एका बाईने चहा मागवला. मग समुद्राकडून जरासा वारा आला आणि एक पाकळी सुटली.

डावी.

काकांनी मान खाली घातली आणि धोतराचा सोगा झटकून वळायला निघाले. त्यांचा पाठीचा कणा मी पहिल्यांदा वाकलेला पाहिला.

मावशी दगडापाशी गेल्या. पाकळी उचलून कपाळाला लावली. मग दगडाला पाठ लावून उभ्या राहिल्या, तोंड आमच्याकडे.

"हा आमच्याकडं बघतो ना? मग त्याचा उजवा हात हाच," त्या आपला उजवा हात वर करून म्हणाल्या. "झाला की हो. घासनी आना."

नियम खरा कुठला, हे मी पुढे पुष्कळांना विचारलं. प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं. पण त्या दिवशी मावशींनी तो काकांसाठी वाकवला होता, हे त्यांच्याकडे पाहताच कळत होतं.

दोन दिवस बायकांनी थिनर आणि काथ्याने दगड घासला. रंगाखाली अक्षरं अगदी कोरीव राहिली होती, खारी हवा लागलीच नव्हती. घंटा भेंडीच्या फांदीला बांधली. पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारी हमालांनी कट्टा फोडला, माती काढली, आणि जमिनीत गेलेल्या दोन ओळी वर आल्या.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचल्या, आणि परत वाचल्या. जॉन लढला होता ते इंग्लंडच्या राजाच्या जहाजावरून.

मी काकांना सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की हे फक्त मलाच वाचता येतंय, मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. काका उकिडवे बसून दगडाकडे पाहत राहिले.

"म्हणजे अमेरिकनांवर तोफ डागली आणि मग त्यांच्याच जहाजावर नोकरीला लागला."

"असं पुष्कळ खलाशी करायचे म्हणे. पगार बरा होता."

"त्यात काय. संप मोडल्यावर आम्हीही ज्या गिरणीपुढे घोषणा दिल्या तिथेच कामाला गेलो." ते उठले. "बँडवाल्याला फोन लाव. जॉनला लाल कोट."

"काका, पाहुणे अमेरिकन आहेत. ही खूण त्यांच्या बाजूच्या शिपायांनाच देतात ते."

"माहीत आहे. त्यांना आपणच सांगायचं. शिपायाबद्दल खोटं बोलायचं नाही."

रविवारी पाहुणे आले. बाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, सगळीकडे हसून बघणाऱ्या. गृहस्थ उंच, आणि त्यांच्या बॅगेतून निघाला एक निळा कोट, त्यांच्या तिकडच्या लढाईतला. काकांनी कोटाची शिवण बोटाने तपासली आणि मान डोलावली. गृहस्थांना अमेरिकेच्या हातगाडीवर उभं केलं. गाडी ढकलणारे दोघे आमच्या मजल्यावरचेच, त्यांनी पाहुण्यांच्या सन्मानार्थ जरा जोरात ढकलली. गृहस्थ एका हाताने तोफ आणि एका हाताने टोपी धरून, "ओ, ओ," करत इंग्लंडवर चालून आले. मी लाल कोटात समोर. चार सुतळी बॉम्ब उडाले. मग ठरल्याप्रमाणे आमचा झेंडा उतरला. पूर्वी या क्षणी मी छाती फुगवायचो. आता काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी गाडीवरून उतरलो आणि तसाच उभा राहिलो. काका गर्दीतून पुढे आले आणि माझी कॉलर सरळ केली.

"हरला तरी शिपाईच," एवढंच म्हणाले.

मग आम्ही भेंडीखाली गेलो. काकांनी दगडाच्या उजव्या बाजूला सिमेंटचा वीतभर चौकोन करून ठेवला होता, पितळेच्या खुणेसाठी. मी गृहस्थांना खालच्या दोन ओळी दाखवल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वाचलं. बाईंनी वाचलं. दोघं जरा बाजूला जाऊन बोलले. मग गृहस्थ परत आले आणि काकांचा हात हातात घेऊन बोलू लागले. ते म्हणाले, हा आमचा नाही, आमची खूण याला देता येणार नाही, नियम आहे, मला फार वाईट वाटतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

आजूबाजूला चाळ होती, मावशी होत्या, त्यांच्याबरोबरच्या बायका होत्या. काकांचा श्वास तसाच वर धरलेला.

"देऊ म्हणतात," मी म्हणालो. "वेळ लागेल."

तीन वर्षं त्यांनी गॅलरीत उभं करून मला इंग्रजी शिकवलं ते काय यासाठी, असं मला तेव्हाच वाटलं. पण काकांनी श्वास सोडला होता. पूर्ण. मी तो पहिल्यांदा सुटलेला पाहिला.

त्याच वर्षी मला नोकरी लागली. मुलाखतीत इंग्रजीतून विचारलं, अभ्यासाखेरीज काय करता. मी दहा मिनिटं जॉनबद्दल बोललो. मुलाखत घेणारे हसत होते, पण मी अडखळलो नाही. आता मी लातूरकडच्या एका कॉलेजात शिकवतो. काका दर महिन्याला फोन करतात. "आली का रे?" मी म्हणतो, "नाही अजून." ते म्हणतात, "हरकत नाही, चौकोन पुसून ठेवलाय." मावशींनी मला सांगितलं की ते रोज सकाळी परळहून चालत जाऊन तो पुसतात. गुडघे दुखतात तरी.

फोनवर मला खरं सांगता येईना. शेवटी गेल्या महिन्यात पत्र लिहिलं. पाठवण्याआधी मोठ्याने वाचून पाहिलं, दोन ठिकाणी पाय मुरगळला, ते परत लिहिलं. ते पत्र असं.

ती. कॅप्टनकाकांना,
सा. न. वि. वि.

पितळेची खूण येणार नाही. ती कधीच येणार नव्हती. त्या दिवशी साहेब म्हणाले होते की जॉन त्यांचा नाही, म्हणून खूण देता येणार नाही. मी तुम्हाला उलट सांगितलं. शिपायाबद्दल खोटं बोलायचं नाही असं तुम्ही आदल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्ही इतके महिने जो चौकोन पुसताय तो माझ्या खोटेपणाचा आहे. रागावलात तर ते बरोबरच आहे. पत्र मावशींना वाचायला देऊ नका, त्या मला कोळीवाड्यात शिरू देणार नाहीत. किंवा द्या. तेही बरोबरच आहे.

इंग्लंडला लिहायचं असेल तर मी लिहीन. पण मला वाटतं तुम्ही थांबू नये. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांनी दिलेला मजकूर रंगवलात. त्या चौकोनात तुम्हाला जे लिहायचं असेल ते तुमच्या हाताने लिहा. मराठीत लिहा. जॉन तुमच्या मापात बसतो की नाही हे सांगायला दुसरा कुणी लागत नाही.

आणखी एक. त्या दिवशी निघताना बाईंनीही तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी म्हणालो, त्या आभार मानतायत. त्या आभार मानत नव्हत्या. त्या विचारत होत्या, तुमच्यानंतर याचं कोण बघणार? हा प्रश्न मला तुमच्यापर्यंत पोचवता आला नाही. त्याचं उत्तर द्यायला तिथे मीच उभा होतो आणि मला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं.

काका, मी बघेन. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी येईन, आणि तुमचे गुडघे ऐकत नसतील तर मधेही येईन. दगड कशाने धुवायचा, काय लावायचं आणि काय लावायचं नाही, हे या खेपेला मला नीट शिकवा. मी शनिवारी सकाळी पोचतो.

तुमचा,
ग्रॅज्युएट